परखी घेऊन समुद्रात

परखी घरी ठेवावी की सोबत घ्यावी, एवढाच काय तो प्रश्न होता. विदर्भातल्या ढाणकीचे धान्याचे अडते वामनराव बायकोला घेऊन कोकणात निघाले होते.

"समुद्रात कायले पायजे ते?" बेबीताईंनी विचारलं.

"असू दे. परका मुलूख हाय."

परखी म्हणजे पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढायची वीतभर टोकदार नळी. तिच्याशिवाय वामनरावांनी आयुष्यात काही पसंत केलं नव्हतं. (बायको सोडून, आणि तेही ते बेबीताई घरात नसतानाच बोलत.) "वरवर नको, तळापर्यंत पाहा," हा त्यांचा मंत्र.

बेबीताईंनी समुद्रातली गुहा टीव्हीवर पाहिली त्याला बावीस वर्षं झाली. दरवर्षी तिथे जायचं ठरलं की ऐन वेळी तुरीचा हंगाम आडवा यायचा. यंदा त्यांनी स्वतःच बुकिंग केलं होतं.

वेंगुर्ल्यापुढच्या खडकाळ किनाऱ्यावर गोविंदा नावाचा वाटाड्या तीन पॅडलबोर्ड, म्हणजे वर उभं राहून वल्हवायच्या फुगीर फळ्या, घेऊन उभा होता. "नऊच्या आत गुहा बघून परत फिरायचं. मग भरती चढते, वाट बंद."

वामनरावांनी बोर्ड ठोकून पाहिला. "एवढा माणूस तोलते म्हणता. आत काय भरलं?"

"काही नाही काका. नुसती हवा."

काही नाही! वामनरावांचे डोळे बारीक झाले. 'काही नाही' म्हणणाऱ्याच्याच पोत्यात खडे निघतात, हा तीस वर्षांचा अनुभव.

बेबीताई सराईतासारखं वल्हं मारत पुढे गेल्या. (ही कुठं शिकली? आणखी एक संशय.) गुहेच्या तोंडाशी गोविंदा पाणी पाहायला आत शिरला. आजूबाजूला कोणी नाही. वामनरावांनी हळूच परखी काढली आणि बोर्डात खुपसली.

फुस्सऽऽ.

"हवाच हाय लेकाची! खरं बोलला पोट्टा," ते समाधानाने म्हणाले. आणि मग बोर्ड गोधडीसारखा दुमडला.

"बेबी! बुडून राह्यलो व!"

बेबीताईंनी वळून पाहिलं. "जाकीट हाय ना अंगात? तो दगड धरा. मी बावीस वर्षं थांबली, तुम्ही पाच मिनिटं थांबा." आणि त्या गुहेत गेल्या.

परतल्या तेव्हा चेहरा उजळलेला होता. तोवर दगडाला धरून उभ्या वामनरावांच्या छातीपर्यंत भरतीचं पाणी आलं होतं.

"काका, भोक कसं पडलं?" गोविंदाने विचारलं.

"मासा असंन."

"मूठ उघडा," बेबीताई म्हणाल्या. परखी चमकली. त्यांनी ती काढून घेतली. वामनराव त्यांच्या बोर्डवर पाय टाकणार, तोच त्यांनी वल्हं आडवं धरलं.

"गोविंदाभाऊ, आधी यांचे खिसे पाहा. वरवर नको, तळापर्यंत."

गोविंदाने पाहिलं. मागच्या खिशाच्या तळाशी दुसरी परखी निघाली.