दुसऱ्याच्या पाटीवरचं स्टिकर

"स्टिकर लावलंस का गाडीला?" नोरीनने न्याहारी करता करता नवऱ्याला विचारलं.

"आज लावतो," वेंडेल म्हणाला.

"हे तू महिनाभर म्हणतोयस. उद्या पहाटे होडी न्यायचीय, लक्षात आहे ना? स्टिकर नसलेल्या गाडीला होडी जोडू देत नाहीत. तपासणीला तो असोसिएशनचा माणूस येतो, त्याच्याकडे दयामाया नाही."

लक्षात नसायला काय झालं? हिलो गावातल्या त्या घरात दोन महिने दुसरा विषयच नव्हता. बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर शर्यती होत्या, आणि साठीच्या पुढच्या बायकांच्या गटात नोरीनचा क्लब उतरणार होता. त्यांची उलांडीची, म्हणजे बाजूला तोलाचं लाकूड बांधलेली, लांबलचक होडी डोंगरापलीकडे ओढून नेईल असा लोखंडी आकडा क्लबात एकट्या वेंडेलच्या ट्रकला होता. दरवर्षी नोरीनचा क्लब हाउनानीच्या क्लबाकडून हरायचा. हाउनानी शाळेपासून नोरीनच्या एक पाऊल पुढे होती, धावण्यात, नाचण्यात आणि आता वल्हं मारण्यात. यंदा तिला हरवायचंच, म्हणून नोरीन सहा महिने पहाटेच्या थंड पाण्यात उतरत होती. हे सगळं आता वेंडेलच्या मागच्या नंबरपाटीच्या कोपऱ्यावर येऊन ठेपलं होतं.

आता वर्षाची फी भरल्याचं साधं स्टिकर आणायला महिना का लागावा? तर त्याचं कारण वेंडेलची हुशारी. आमच्याकडे गाडीची वार्षिक फी गाडीच्या वजनावर असते, पौंडाला इतके सेंट या दराने. गावातले बाकीचे लोक कुरकुरतात आणि भरून मोकळे होतात. वेंडेलचा जन्म मात्र विमानतळावर सामान तोलण्यात गेला होता. वजन जास्त भरलं की सूटकेस उघडायची, चार चपला बाहेर काढायच्या आणि पुन्हा काट्यावर ठेवायची, हे त्याने हजारो प्रवाशांना शिकवलेलं. तोच नियम ट्रकला का लागू नये, असा प्रश्न त्याला निवृत्तीनंतर पडला. रिकाम्या माणसाला असे प्रश्न पडतात.

मग त्याने ट्रक हलका करायला घेतला. मागची पोचे आलेली अवजारांची पेटी काढली, शिड्या बांधायचा सांगाडा काढला, मागचं फळकूटही काढून गॅरेजमध्ये उभं केलं. शेजारचा क्लेटन कुंपणावरून बघत होता. तो म्हणाला, "अंकल, एवढी मेहनत कशाला? तुम्ही नुसते खाली उतरा, शंभर डॉलर वाचतील."

वेंडेलने लक्ष दिलं नाही. ट्रक घेऊन तो खडीच्या खाणीवरच्या काट्यावर गेला, वजनाचा दाखला घेतला आणि गाड्यांच्या नोंदणी कचेरीच्या खिडकीवर रुबाबात ठेवला. खिडकीतल्या टायरा नावाच्या मुलीने तो वाचला, जुनी नोंद काढली आणि गोड आवाजात सांगितलं की गाडी नोंदीपेक्षा जड भरते आहे. होडी ओढायचा लोखंडी आकडा आणि मोठे टायर वेंडेलने कधी कळवलेच नव्हते. आता कळवल्याबद्दल तिने आभार मानले आणि फी वाढवून दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी येऊन तो नोरीनला एवढंच म्हणाला, "आकडा नक्की झाला एकदाचा." या खटाटोपात जुन्या स्टिकरची मुदत कधीच संपून गेली होती.

तेव्हा त्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी, तो मुकाट्याने सुपरमार्केटात गेला. तिथे पावाच्या कपाटाशेजारी एक यंत्र आहे. सेफ्टी चेक झालेला असला आणि पैसे भरले की ते कागद आणि स्टिकर बाहेर ढकलतं. पिवळंधमक स्टिकर हातात आल्यावर वेंडेलला बरं वाटलं. बाहेर येऊन तो आपल्या चंदेरी पिकअपमागे वाकला, जुन्या निळ्या स्टिकरवर नवं नेमकं बसवलं आणि खिशातून ब्लेड काढलं. आमच्या गावात नवं स्टिकर रात्रीत सोलून नेणारे महाभाग आहेत. त्यामुळे लावल्या लावल्या त्यावर उभ्या-आडव्या चिरा पाडायच्या, म्हणजे चोराच्या हाती नुसता चुरा लागतो. वेंडेलने जाळी विणावी तशा चिरा पाडल्या. मग उठला, दाराशी गेला आणि किल्ली फिरवली. किल्ली फिरेना.

त्याने आत डोकावलं. पुढच्या आरशाला शंखांची माळ लटकत होती. वेंडेलच्या आरशाला काही लटकत नव्हतं.

त्याचा ट्रक दोन जागा सोडून उभा होता. तोही चंदेरी, त्याच कंपनीचा, त्याच वयाचा, कारण हिलोत निम्मं गाव हाच ट्रक चालवतं. एरवी त्याने आपला ट्रक पोचे आलेल्या पेटीवरून आणि शिड्यांच्या सांगाड्यावरून मैलभरावरून ओळखला असता. पण ती ओळख त्याने स्वतःच्या हाताने गॅरेजमध्ये ठेवली होती. आणि स्वतःच्या गाडीचा नंबर पाठ असतो कुणाला?

त्याने कचेरीला फोन लावला. फोनवर नेमकी टायराच आली.

"स्टिकर हरवलं, चोरीला गेलं की खराब झालं?" तिने विचारलं.

"चिकटलं. पण दुसरीकडे."

"दुसरीकडे म्हणजे कुठे, अंकल?"

"दुसऱ्या गाडीला."

"चोरी म्हणाल तर पोलिसांचा दाखला आणा. खराब म्हणाल तर तुकडे आणा, लगेच दुसरं देते. पण साडेतीनला खिडकी बंद, आणि सोमवारी सुट्टी."

तीन वाजत आले होते. वेंडेल पुन्हा त्या परक्या ट्रकमागे गुडघ्यांवर बसला आणि ब्लेडने स्टिकर खरवडायला लागला. आपणच पाडलेल्या चिरा आता आपल्यालाच भोवत होत्या. नखाएवढे कपटे निघत होते आणि तो ते एकेक करून खिशातल्या रुमालात ठेवत होता. भरदिवसा, भरल्या पार्किंगमध्ये, दुसऱ्याच्या नंबरपाटीला ब्लेड लावून बसलेला माणूस लोकांना काय दिसत असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

"अंकल, काय चाललंय?" दुकानाचा पहारेकरी मागे येऊन उभा राहिला होता.

"काही नाही. माझं स्टिकर काढतोय."

"ही गाडी तुमची आहे?"

"गाडी नाही. स्टिकर माझं आहे."

"असं," पहारेकरी म्हणाला. "नाताळात माझंही असंच गेलं. तो चोर सापडला असता तर तोही हेच म्हणाला असता." चार-पाच माणसं जमली. एका म्हाताऱ्याने खाता खाता मत दिलं की असल्यांना भर बाजारात उभं केलं पाहिजे, आणि मग नीट दिसावं म्हणून तो जरा पुढे सरकला.

"मी चोरत नाहीये," वेंडेल घामाघूम होऊन सांगत होता. "मी आधी लावलं. यांना दिलं, असं समजा. आता परत घेतोय."

"माझ्या गाडीपाशी कसली गर्दी?" मागून खणखणीत आवाज आला. वेंडेलने तो आवाज ओळखला आणि त्याला वाटलं, पहारेकऱ्याने मघाशीच पोलीस बोलावले असते तर बरं झालं असतं. खांद्यावर तांदळाची पिशवी टाकून हाउनानी उभी होती.

"वेंडेल? नोरीनने पाठवलं का रे तुला, माझी गाडी मोडायला?"

"नाही गं. तिला यातलं काही माहीत नाही. आणि तिला कळूही नको देऊस."

त्याने सगळं सांगितलं. वजन, काटा, पेटी, यंत्र, चिरा, रुमाल. हाउनानी आधी कमरेवर हात ठेवून ऐकत होती, मग पिशवी खाली ठेवून हसायला लागली, मग नंबरपाटीजवळ वाकली. आणि तिचं हसू एकदम थांबलं. पिवळ्या कपट्यांखालून तिचं स्वतःचं निळं स्टिकर दिसत होतं.

"हे गेल्या वर्षीचं आहे," ती हळूच म्हणाली.

"हो. म्हणून तर मला माझंच वाटलं."

"माझा मुलगा म्हणाला होता, आई मी भरतो. मी बघितलंच नाही. अरे देवा, उद्या पहाटे त्या तपासनिसाने मला होडीसकट घरी पाठवलं असतं." तिने तांदळाची पिशवी पहारेकऱ्याच्या हातात दिली. "धर. आणि याला सोड, हा माझा माणूस आहे."

तिचा सेफ्टी चेक झालेला होता. ती यंत्राशी गेली आणि पिवळं स्टिकर घेऊन आली. दोघांनी मिळून नंबर वाचला, पुन्हा वाचला, पहारेकऱ्याकडूनही वाचून घेतला आणि मगच ते चिकटवलं. मग वेंडेलच्या बिनस्टिकरच्या ट्रकला तिथेच ठेवून तिने त्याला आपल्या गाडीत घातलं आणि कचेरीकडे अशी गाडी हाणली की वेंडेल सगळा रस्ता डोळे मिटून बसला.

टायरा खिडकीची जाळी खाली ओढत होती. वेंडेलने रुमाल सोडला. तिने कपटे टेबलावर मांडले आणि लहान मुलाचं कोडं जुळवावं तसं जुळवायला लागली. "महिना आहे. अर्धा नंबर आहे. अंकल, वर्ष कुठंय?"

वर्ष वेंडेलच्या कोपराला चिकटलेलं होतं. हाउनानीने ते नखाने काढून दिलं. टायराने नवं स्टिकर दिलं आणि निरोप देताना सांगितलं, "हे मात्र घरी जाऊन लावा."

नोरीनला काही कळलं नाही. पहाटे तपासनिसाने पाटीवर बॅटरी मारली, मान हलवली, आणि होडी डोंगरापलीकडे गेली. इतक्या दिवसांनी वेंडेलला नवरा म्हणून आपण काहीतरी धड केल्यासारखं वाटत होतं.

शर्यत अशी झाली की किनाऱ्यावरची माणसं पाण्यात शिरून ओरडत होती. नोरीनची होडी आणि हाउनानीची होडी शेवटच्या वळणापासून नाकाला नाक लावून आल्या. सगळ्या बायका तोंडाला फेस येईस्तोवर वल्हवत होत्या. आणि हाउनानीची होडी जेमतेम हातभर पुढे निघाली.

नोरीन दुसऱ्या नंबराचं पदक घालून आली तेव्हा खुशीत होती. "इतक्या जवळ आम्ही कधीच आलो नव्हतो," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तेवढ्यात हाउनानीने माईक घेतला. तिने आपल्या गळ्यातला हिरव्या पानांचा हार काढला, गर्दीतून थेट वेंडेलपाशी आली आणि तो त्याच्या गळ्यात घातला. "हा माणूस काल नसता," तिने सगळ्या किनाऱ्याला सांगितलं, "तर आमची होडी आज हिलोतच असती." आणि मग तिने सगळी गोष्ट सांगितली, कोपरासकट.

लोक पोट धरून हसत होते. वेंडेल हाराच्या आत जितकं शिरता येईल तितका शिरला.

नोरीन त्याच्याकडे वळली. "म्हणजे ती येणारच नव्हती," ती सावकाश म्हणाली.

"हो."

"मी सहा महिने त्या गार पाण्यात मेले. आणि आज मी पहिली आले असते."

"मी फक्त तिला दाखवलं गं. पैसे तिचेच होते."

नोरीनचा चेहरा काही काळ कठीण राहिला, आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. पदक छातीवर नाचायला लागलं. डोळे पुसत ती हाउनानीकडे वळली. "तुझ्या स्टिकरची मुदत पुढच्या वर्षी कुठल्या महिन्यात संपते गं?"

"त्याच की, तुमच्याच महिन्यात," हाउनानी म्हणाली. "का?"

"काही नाही," नोरीन म्हणाली, आणि वेंडेलचा हार नीट करत त्याच्या कानाशी वाकली. "त्या महिन्यात तू घराबाहेर पडायचं नाहीस. दूध-अंडी मी आणीन."