आपला माणूस असताना हॉटेलात?

"चार पूर्णांक सहा म्हंजे पेपर तपासला कुनी?" असं सुभेदार नाथाजींनी विचारलं, तेव्हाच साक्षीनं मोबाइल बंद करून ठेवायला हवा होता. पण ती पडली नात, आणि आजीसाठी हॉटेल निवडायचं काम तिच्याच अंगावर होतं. विशाखापट्टणमच्या समुद्रकाठी ओळीनं उभी असलेली भारी हॉटेलं ती कुंडलच्या घरी सोप्यात बसून आजोबांना एकेक करून दाखवत होती.

"आजोबा, लोक तिथं राहून येतात आणि मग पाचपैकी गुण देतात. साडेचारच्या वर म्हणजे उत्तमच."

"लोक म्हंजे कोन? गाव कुठलं त्यांचं?"

साक्षीनं नावं बघितली. एकाचं नाव नुसतंच 'प्रवासी' होतं, दुसऱ्यानं नावाच्या जागी मांजराचा फोटो लावला होता. बैल घ्यायचा झाला तरी सुभेदार आधी त्या गावातला एक ओळखीचा माणूस गाठत आणि मगच बैलाचे दात बघत. मांजराच्या शब्दावर गादी पसंत करायची त्यांची तयारी नव्हती.

त्यातून हा मामला साधा नव्हता. फौजेत असताना दर सुट्टीला त्यांनी बायकोला, बनुबाईंना, समुद्र कबूल केला होता. लष्करानं त्यांना वाळू दाखवली, बर्फ दाखवला, समुद्र मात्र नौदलासाठी राखून ठेवला. तोवर इकडे बनुबाईंनी सासूचं दुखणं, उसाच्या पाण्याच्या पाळ्या आणि पोरांची लग्नं एकटीनं निभावली. तक्रार अशी त्यांनी कधी केली नाही. ह्या दिवाळीनंतर मात्र त्यांनी आपलं मागणं एकदाच, पण बैजवार मांडलं.

"मला सूर्य समुद्रातनं उगवताना बघायचाय. आपल्याकडं तो समुद्रात बुडतोय, ते नगं. अंथरुणात बसूनच खिडकीतनं दिसला पायजे. आनि चहा दुसऱ्या कुनीतरी आनून द्यायचा." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आनि तिथं आपल्याला वळखनारं कुनी नसलं पायजे. वळखीचं मानूस दिसलं की मला पदर सावरून चुलीकडं जावं लागतंय."

साक्षीनं सातव्या मजल्यावरची, समुद्राकडे तोंड असलेली खोली ठरवली. पैसे तिथं गेल्यावर द्यायचे होते. पांढऱ्याशुभ्र पलंगाचा आणि त्यामागच्या निळ्या खिडकीचा फोटो बनुबाईंनी खूप वेळ बघितला, आणि मोबाइल पदरानं पुसून परत दिला.

एवढ्यावर थांबायचं होतं. पण सुभेदारांना चैन पडेना. खात्रीचं कुणी तिथं असतं तर बरं झालं असतं, असं घोकता घोकता त्यांना जोतीराम आठवला. जोतीराम हा बनुबाईंच्या चुलतबहिणीचा मुलगा, विट्याकडचा. तिकडची माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करायच्या कामात, देशभर पांगली आहेत. भारताच्या नकाशावर कुठल्याही शहरावर बोट ठेवा, बोटाखाली एक गलाईवाला सापडतो. विशाखापट्टणमला जोतीराम सापडला.

"नुसतं बघून ये रं," सुभेदार फोनवर म्हणाले. "गादी कशी हाय, मानसं कशी हायती. बाकी काय न्हाई." आणि बुकिंगचा कागदही त्यांनी त्याला व्हॉट्सअॅपवर धाडून दिला.

जोतीराम एकटा गेला नाही. हॉटेल बघायचं म्हणजे चार डोळे जास्त बरे, म्हणून त्यानं शेजारच्या गाळ्यातल्या जोतिबाला बरोबर घेतलं. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"काका, खिडकी उघडतच न्हाई. नुसती काच. वारं सगळं यंत्राचं. मावशी घुसमटंल की."

"आनि गादी?"

"गादीवर जोतिबा बसला तो खालीच गेला. हाताला धरून वढून काढला. जेवनाला शंभर पदार्थ, पन भाकरी न्हाई."

"मग शेजारचं बघ."

शेजारच्या हॉटेलात माणसं उघडीवाघडी पोहत होती, ते मावशीला बरं दिसलं नसतं. त्याच्या पलीकडच्यात चहा पिशवी बुडवून मिळत होता. दोन दिवसांनी जोतीरामचा आवाज एकदम खुलला.

"काका, ठिकान ठरलं. एक नंबर."

"कुठलं?"

"आपलं घर. आवं, आपला मानूस असताना हॉटेलात उतरताय व्हय? गावाकडं कळलं तर आमची नाकं जाग्यावर ऱ्हात्याल का? ते बुकिंग मी कालच तिथं जाऊन रद्द करून टाकलंय. तुमी कायबी काळजी करू नगा."

सुभेदार सीमेवर कधी मागं हटले नव्हते. पण नातलगाच्या आग्रहापुढं उभा राहिलेला माणूस आमच्या भागात अजून जन्मायचा आहे. "आरं पन" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं आणि मग ते "बरं" म्हणाले. ह्या एका शब्दाचा त्यांना पुढं जेवढा पश्चात्ताप झाला, तेवढा आयुष्यात दुसऱ्या कशाचा झाला नाही.

बनुबाईंना त्यांनी सांगितलं नाही. घरात धीर झाला नाही, गाडीत सांगू म्हणाले. गाडीत बनुबाई म्हणाल्या, "तिथं मी न्हाऊनसुदिक उशिरा घेनार हाय," तेव्हा सुभेदार खिडकीबाहेर बघायला लागले आणि पार आंध्रापर्यंत बघतच राहिले.

स्टेशनावर वीसेक माणसं हार घेऊन उभी होती. "मावशी आली, मावशी आली," असा गलका झाला. बनुबाईंनी आधी पदर डोक्यावर घेतला आणि मग नवऱ्याकडे बघितलं. त्या रागावल्या असत्या तर सुभेदारांना बरं वाटलं असतं. पण त्यांनी जोतीरामच्या बायकोला, रेश्माला, जवळ घेतलं.

जोतीरामची खोली सराफ गल्लीत, दुकानाच्या माडीवर होती. पाहुण्यांसाठी त्यानं नवी चादर आणली होती. त्यानं मोठ्या अभिमानानं खिडकी उघडून दाखवली, मिटून दाखवली, परत उघडली. "बघा मावशी, कशी उघडतीया." खिडकीबाहेर हात लांब केला की शेजाऱ्याची भिंत लागत होती.

"समुद्र कुठल्या अंगाला रं?" बनुबाईंनी विचारलं.

"हाय की हितंच. समुद्र कुठं पळून जातोय?"

समुद्र पळून गेला नाही, पण वेळही मिळाला नाही. गलाईवाल्यांच्या घरोघरी जेवणं ठरली होती. प्रत्येक घरी ओटी, प्रत्येक घरी फोटो, आणि ज्याच्याकडे जेवायचं राहील तो रुसणार. त्यातून पहिल्या दिवशी बनुबाईंनी गावाकडून आलेल्या शाळूच्या पिठाच्या चार भाकरी हौसेनं थापल्या. भट्टीवर काम करणाऱ्या पोरांनी त्या खाल्ल्या आणि एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. झालं. दुसऱ्या दिवसापासून सूर्य समुद्रातून वर यायचा तेव्हा बनुबाई पोरांच्या डब्यांसाठी भाकऱ्या थापत असायच्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. पण आईपासून लांब राहणारी पोरं भाकरीकडे आशेनं बघत असताना बसून राहायचं कसं, ते त्यांना येत नव्हतं.

रेश्मा त्यांच्या शेजारी पीठ मळत म्हणाली, "मावशी, लगीन झाल्यापासनं हितं हाय. ते हॉटेल मी भायेरनंच बघितलंय. तुमी तिथं उतरनार म्हनल्यावर मला वाटलं, तुमाला भेटायच्या निमित्तानं एकदा आत जाऊन बसंन."

बनुबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. दाराआड दाढी करणाऱ्या सुभेदारांनी ते ऐकलं. आपण एकीचा नाही, दोघींचा समुद्र बुडवला, हे त्यांना तिथं कळलं आणि फार वाईट वाटलं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळी पलटण समुद्रावर गेली. त्या किनाऱ्यावर सूर्य संध्याकाळी पाठीमागं शहरात बुडतो, समुद्राकडे नुसता काळोख व्हायला लागतो. गाडीची वेळ होत आलेली. "आदी फोटू, आदी फोटू," म्हणत जोतीरामनं सगळ्यांना समुद्राकडे पाठ करून उभं केलं, फोटो काढला आणि लगेच रिक्षा बोलावल्या.

तो फोटो साक्षीनं पुढं सांगलीहून मोठा करून आणला. वीसेक माणसं दात दाखवत उभी आहेत. मधोमध बनुबाईंचा फक्त पदराखालचा अंबाडा दिसतो. सगळे कॅमेऱ्याकडे बघत असताना त्या एकट्या मागं वळून समुद्राकडे बघत होत्या.

"मावशीनं फोटू बिघडवला," असं जोतीराम अजून म्हणतो.

सुभेदारांनी तो फोटो सोप्यात लावला आणि येता-जाता त्याच्याकडे बघून ते खंतावू लागले. शेवटी एका सकाळी ते बनुबाईंच्या आधी उठले, जन्मात पहिल्यांदा चहा केला आणि त्यांच्या अंथरुणापाशी नेऊन दिला.

"समुद्र न्हाई जमला," ते म्हणाले. "माजं चुकलं. पुन्यांदा कुनाच्या भिडंला पडनार न्हाई, शबुद देतो."

बनुबाईंनी एक घोट घेतला आणि कपात डोकावून बघितलं. एवढ्यात फोन वाजला. जोतीराम होता.

"काका, कुंडलच्या जत्रंला येतोय आमी सगळी. पन रेश्मा म्हनती, तुमच्याकडं आदीच पाव्हनं असनार. तवा दोन दिवस सांगलीला हॉटेलात उतरतो आनि तिथनं येऊन जाऊन करतो."

"हॉटेलात?" सुभेदार कडाडले. "आरं, आपला मानूस असताना हॉटेलात उतरताय व्हय? आमची नाकं जाग्यावर..."

वाक्य तिथंच अडकलं. त्यांनी वळून बघितलं. बनुबाईंनी कप खाली ठेवला होता आणि फोनसाठी हात पुढं केला होता. सुभेदारांनी मुकाट्यानं फोन दिला.

"जोतीराम, तू ये रं बाबा घरी. पोरास्नीबी घेऊन ये. आनि रेश्माला दे जरा फोन." मग आवाज बदलून त्या म्हणाल्या, "रेश्मा, तू हॉटेलातच ऱ्हा. खिडकीतनं कृष्णा दिसंल अशी खोली बघ. आनि दोन खाटांची घे. मीबी येतीया. आनि हे बघ, हॉटेल तूच निवड. कुनाला इचारत बसू नगंस."

फोन ठेवून त्या उशीला टेकून बसल्या. सुभेदारांनी दबकत विचारलं, "आनि हितं त्यांच्या जेवनाखान्याचं?"

"त्याची काय काळजी? आपला मानूस हाय की घरात," बनुबाई म्हणाल्या, आणि कप त्यांच्या हातात परत देत त्यांनी जोडलं, "चहात साखर तेवढी घालत जावा."