लांबच्यासाठी थोडी जागा

भालेरावांना कुणी "कसे आहात?" म्हणून विचारलं की ते "बरा आहे" म्हणायचे आणि थांबायचे. नुसते गप्प बसायचे नाहीत. मान जरा तिरकी करायचे, डोळे कौलांकडे लावायचे आणि कौलांतून कुणी बोलणार असल्यासारखे कान देऊन उभे राहायचे. समोरचा माणूस बुचकळ्यात पडून चालायला लागला की मग म्हणायचे, "तुम्ही कसे आहात?" तोवर तो फाटकाबाहेर गेलेला असायचा. भिसेगावात नवीन आलेल्याला वाटायचं, गृहस्थांचं डोकं जरा ठिकाणावर नसावं. आम्हा जुन्या शेजाऱ्यांना तर त्याबद्दल शंकाच नव्हती.

मी तेव्हा इथल्या शाळेत शिकवत होते. अख्खा दिवस एकाच वेळी चाळीस पोरं बोलायची, त्यामुळे बोलता बोलता थांबणारा माणूस मला नवीनच. एकदा न राहवून विचारलंच, की दादा, हे मध्येच असं काय होतं तुम्हाला? ते गंभीर झाले.

"बाई, आपलं बोलून झालं की दुसऱ्याने लगेच सुरू करू नये. लांबचा कोणी असतो. त्याचा आवाज बारीक असतो. त्याला शिरायला थोडी जागा सोडावी."

ही त्यांच्या रेडिओतली रीत. तुमच्या-माझ्या घरात रेडिओ असतो तो नुसता ऐकायचा. भालेरावांचा रेडिओ बोलायचाही. फौजेत ते बिनतारी संदेशांच्या कामावर होते, तिथून सुटल्यावर कर्जतच्या तार ऑफिसात लागले, आणि दिवसभर तारा पाठवून मन भरेना म्हणून सरकारी परीक्षा देऊन हा हौशी रेडिओचा परवाना काढला. बोलायचं तेही तोंडाने नाही, तारेच्या भाषेत, बटण दाबून, कट कट्ट, कट कट्ट. असे लोक जगभर आहेत म्हणे. एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही, एका पैशाची प्राप्ती नाही, आणि रविवार आला की "ऐकू येतंय का?" म्हणून एकमेकांना विचारत बसतात. "आणि ऐकू आलं तर?" मी विचारलं. "तर येतंय म्हणून सांगायचं," भालेराव म्हणाले. यापुढे मी तरी काय विचारणार!

ती रीत ते सगळीकडे चालवायचे. एका मुलीच्या वडिलांनी त्यांना सांगून आलेल्या मुलाबद्दल विचारलं, कारण मुलगा त्यांच्याच ऑफिसातला. भालेराव म्हणाले, "मुलगा तसा चांगला आहे," आणि कौलांकडे बघत थांबले. मुलीच्या बापाच्या हातातली बशी लटपटायला लागली. आई पदर तोंडाला लावून आत गेली. 'तसा' म्हणजे कसा, पितो की काय, की आधीची कुणी आहे, असं सगळं त्या दोघांच्या डोळ्यांपुढून जाऊन आलं. मग भालेराव म्हणाले, "तुमच्या मुलीला शोभेल." लग्न झालं, संसारही चांगला झाला, पण त्या बापाने काही भालेरावांना कधी माफ केलं नाही.

आमच्या घरी मात्र त्या खोडीचा फायदाच झाला. आमच्याकडे सगळेच तोंडाळ. सासरे बोलायला लागले की दीर मध्ये तोंड घालायचे, दीर बोलले की मी. सासूबाईंचा आवाज कसा आहे हे आम्ही विसरलोच होतो. एकदा भालेराव चहाला आले. "पाऊस यंदा बरा आहे," म्हणाले आणि थांबले. त्यांच्या भिडेने आम्हीही थांबलो. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "मला एकदा माहेरी जाऊन यायचंय." सगळे बघतच राहिले. त्याच आठवड्यात त्या माहेरी जाऊन आल्या. त्यानंतर त्यांना काही हवं असलं की मला हळूच म्हणायच्या, "अगं, भालेरावांना चहाला बोलाव ना."

आता इतकं चांगलं बोलले म्हणजे भालेरावांनी मला ताप दिला नाही असं समजू नका. माझ्या अंगणात कपडे वाळत घालायची तार होती आणि रेडिओची एरियल म्हणून तिच्यावर त्यांचा डोळा होता. एवढी सरळ, एवढी उंच तार आणि तुम्ही तिच्यावर पंचे घालता, असं ते हळहळून म्हणायचे. एका सकाळी बघते तर माझ्या ओल्या चादरी ओट्यावर घडी करून ठेवलेल्या, आणि भालेराव तारेला काहीतरी जोडून खिडकीखाली उकिडवे बसलेले. "पाच मिनिटं, बाई. जपानचा माणूस आहे." मी म्हटलं, जपानचा असू दे नाहीतर कुंभिवलीचा, माझ्या चादरी कुबट होतात. त्यांनी मुकाट्याने जपानचा निरोप घेतला आणि चादरी स्वतःच्या हाताने पुन्हा पिळून वाळत घातल्या. त्यांच्यावर नीट रागवायचीही सोय नव्हती.

खरं म्हणजे भिसेगावात त्यांचं जमतच नसे. एका अंगाला रेल्वेच्या विजेची खरखर, दुसऱ्या अंगाला पिठाची गिरणी. म्हणून दर रविवारी सकाळी नवराबायको पोशीरला जायची. पोशीर म्हणजे चांगुणावहिनींचं माहेर. गावामागे एक टेकडी आणि टेकडीवर आंब्याचं झाड. सामान काय, तर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेलं यंत्र, मोटारसायकलची जुनी बॅटरी, तारेचं वेटोळं आणि वहिनींच्या टोपलीत भाकरी. त्या डब्याची ताकद म्हणे हातबत्तीच्या बल्बाएवढी. मोठं यंत्र घेऊन कुणीही ओरडेल, हळू बोलून लांब पोचलं पाहिजे, असं ते मला सांगायचे. मी वर्गात हे करून बघितलं, नाही जमलं.

तार झाडावर चढवायची म्हणजे तिला दोरी बांधायची, दोरीला दगड, आणि तो दगड फांदीवरून पलीकडे भिरकवायचा. भालेरावांचा नेम यथातथाच. वहिनींचा भाऊ खाली बांधावर उभा राहून गंमत बघायचा. "दाजी," तो म्हणायचा, "आमी झाडाला दगूड मारला तं लोक म्हनतात आंबं चोरतो. तुमी मारला तं तुमचं शास्त्र हाय."

एवढा खटाटोप मुख्यतः एका माणसासाठी होता. कोइमतूरकडे राजन म्हणून एकजण होता. तारच बांधायला म्हणून नारळावर चढला आणि वरून पडला, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेला. म्हातारी आई त्याच्या कानांवर हेडफोन चढवायची आणि बटण हाताखाली सरकवून द्यायची. पोशीरच्या टेकडीवरून भालेराव आणि बिछान्यातून राजन, दर रविवारी बोलायचे. किती वर्षं, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. बोलायचे काय, तर बॅटरी कशी आहे, तार किती उंच आहे, आभाळ कसं आहे. मी विचारलं, बाकी काही नाही? तर म्हणाले, परवान्यात तेवढंच बसतं. आणि मग जरा थांबून, "आणि विचारायचं तरी कसं, बाई?"

पुढे पुढे त्यांचं ते थांबणं वाढत गेलं. आम्ही म्हटलं, वयाबरोबर खोडही वाढायचीच. दोनदा विचारावं तेव्हा एकदा उत्तर यायचं. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही.

मग एका सोमवारी भालेराव तारेचं वेटोळं घेऊन माझ्या दारात उभे राहिले. म्हणाले, ही घ्या, तुमच्या अंगणात लागेल. मी थट्टा करणार होते, पण त्यांचं तोंड बघून काय झालं ते विचारलं. कान जात होते त्यांचे. जवळून मोठ्याने बोललेलं कळायचं, बारीक आवाज गेला होता. हेडफोनमधली ती लांबची टिकटिक आता त्यांना खरखरीतून वेगळी काढता येत नव्हती.

त्या रेडिओवाल्यांत एक नियम आहे. ऐकू आलं तर "सगळं मिळालं" म्हणायचं, नाही आलं तर सरळ "पुन्हा सांगा" म्हणायचं. त्यात कमीपणा नाही. पण भालेरावांना दर वाक्याला "पुन्हा सांगा" म्हणायची लाज वाटायला लागली. उभा जन्म ऐकण्यावर काढलेला माणूस! मग ते अंदाजाने ठोकून द्यायला लागले, सगळं मिळालं, फार छान. मध्ये एका रविवारी राजनने काहीतरी सांगितलं. यांनी नेहमीप्रमाणे कळवलं, सगळं मिळालं, फार छान. आणि काल हवा स्वच्छ होती, राजनने तेच पुन्हा अगदी सावकाश सांगितलं, तेव्हा यांना त्यातले चार शब्द लागले.

"त्याने मला आई गेल्याचं सांगितलं होतं," भालेराव म्हणाले, "आणि मी त्याला फार छान म्हणालो, बाई."

काल मग काय कळवलंत, मी विचारलं. काही नाही. बॅटरी उतरली असं भासवून त्यांनी डबा बंद केला होता. आता पुन्हा टेकडीवर जायचं नाही, असं ठरवलं होतं. रविवारी तो वाट बघेल, मी म्हटलं. बघेल आणि मग बघायचा थांबेल, ते म्हणाले. मला वाईट वाटलं ते वाटलंच, पण त्याहून जास्त संताप आला. तिकडे एक माणूस पडून आहे, आई गेलेली, आणि हे इथे लाज कुरवाळत बसलेत. मी म्हटलं, तुमची तार तुम्हीच ठेवा, माझ्या चादरींना माझी तार पुरते.

कुंपणापलीकडे चांगुणावहिनी तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"बाई, तेंना सांगा, मी ऐकते."

भालेरावांना हे मोठ्याने सांगावं लागलं. ते म्हणाले, तिला इंग्रजी अक्षर येत नाही, ती काय ऐकणार? वहिनी पोशीरच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या, मराठीच तेवढं वाचायच्या. पण लग्न झाल्यापासून त्यांच्या घरात रोज संध्याकाळी नवऱ्याचा सराव चालायचा. कुंपणाअलीकडे मलासुद्धा त्या कट कट्टची पिपाणी झोपेत ऐकू यायची. वहिनींचं तर सूपही त्याच ठेक्यात चालायचं.

"अक्षरं तुमी लावा," वहिनी नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या. "मला नुसता ठेका द्याचाय. येईल तसा देते."

आठवडाभर त्यांच्या घरात हा उद्योग चालला. त्या रविवारी मीही पोशीरला गेले. शेजारीण म्हणून मला तेवढा हक्क होता, आणि घरी बसवतही नव्हतं. दगड तिसऱ्या खेपेला फांदीवरून गेला. वहिनींनी पदरावरूनच हेडफोन चढवला आणि नवऱ्याचं डावं मनगट हातात घेतलं. आखूड खूण असली की बोट टेकवून उचलायचं, लांब असली की जरा दाबून धरायचं, एवढंच त्यांचं काम. भालेरावांचा उजवा हात बटणावर होता.

राजन आला. वहिनींचं बोट चालायला लागलं. भालेराव पुटपुटले, बोलावतोय. मग त्यांनी बटण दाबायला सुरुवात केली. काय पाठवतात ते आम्हाला सांगून पाठवलं. माझे कान गेलेत. त्या दिवशी मला काहीच मिळालं नव्हतं आणि मी मिळालं म्हणालो. तुझी आई गेली हे मला आता कळलं. मला माफ कर.

त्यांनी हात उचलला. वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या. "काईच येत नाय," त्या म्हणाल्या. खाली शेतात कुणीतरी बैलांना हाकत होतं, त्याचाही मला राग आला. भालेराव कुणाकडेच बघत नव्हते.

मग बोट हललं. आखूड, लांब, आखूड. बराच वेळ चाललं. भालेराव आधी एकेक शब्द म्हणत होते, मग म्हणायचे थांबले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वहिनींनी डोळे उघडले आणि घाबरल्याच.

"अवो, काय झालं? माजं काय चुकलं का?"

"नाय गं," भालेराव म्हणाले. एरवी शुद्ध बोलणारा हा माणूस, त्या दिवशी बायकोच्या बोलीत बोलला. "तुजं एक अक्षर चुकलं नाय."

राजनने कळवलं होतं की तुला ऐकू आलं नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. तू छान म्हणालास आणि आई गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो. तीसुद्धा हसली असती. आणि शेवटी विचारलं होतं, आता तिकडे कोण ऐकतंय? भालेरावांनी बायको म्हणून कळवलं. त्यावर पुन्हा वहिनींचं बोट हललं, आणि त्यांनी स्वतःच्याच बोटाने नवऱ्याच्या मनगटावर काय ठोकलं ते भालेरावांनीच वहिनींना सांगितलं, की त्याने तुला नमस्कार सांगितलाय.

वहिनी सावरून बसल्या. पदर नीट केला, आणि हेडफोन डोक्यावर तसाच ठेवून त्या बिस्किटाच्या डब्याला हात जोडले. मला हसूही येत होतं आणि रडूही. भालेरावांनी तो नमस्कारही राजनला कळवला.

मग वहिनी म्हणाल्या, "तेला इचारा, आय गेली तं जेवाया कोन घालतं?"

भालेरावांनी बटणावरचा हात मागे घेतला. त्यांच्या परवान्यात हा प्रश्न बसत नव्हता. मी म्हटलं, "दादा, विचारा." त्यांनी बटणावर हात ठेवला आणि विचारलं.

उत्तर यायला वेळ लागला नाही. बहीण येते, दोन्ही वेळचं करून ठेवते, पण आईसारखं रसम तिला जमत नाही, भालेरावांनी शब्द लावून सांगितलं. वहिनींनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट बसवला आणि पुन्हा नवऱ्याचं मनगट धरलं.

"इचारा तेला," त्या म्हणाल्या, "काय कमी पडतं तेच्यात."

त्या दिवशी बॅटरी खरोखर उतरेपर्यंत त्यांचं रसमावरच बोलणं चाललं होतं.