लोणच्याच्या बरणीतली बस

तायडेभाऊंच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसलो, तेव्हा चिनीमातीच्या बरणीत चमचा घातला आणि चमच्यावर बस आली. बोटभर लांबीची, प्लास्टिकची, अर्धी लाल. उरलेला लाल रंग चमच्यातून ओघळत होता. माझा हात जागीच थांबला.

"थे ब्रेक ऑइल हाय," भाऊ शांतपणे म्हणाले. "लोणचं बाजूच्या बरणीत. पोळी घ्या."

दिगंबर तायडे मूळचे हिवरखेडचे. सगळी नोकरी अकोल्यात बसगाड्या रंगवण्यात गेली. पत्नी वारली, मुलगी वैशाली लग्न होऊन अमरावतीला गेली. निवृत्तीनंतर भाऊ प्लास्टिकचे सुटे भाग जोडून छोट्या गाड्या करतात आणि रंगवतात. पण त्यांचा जीव रमतो तो रंग उतरवण्यात. पहिली बस त्यांनी सवयीने थिनरमध्ये बुडवली. मोठ्या बसच्या पत्र्याला थिनर काही करत नाही. ही बस मात्र चिघळली आणि तिचं छप्पर आत बसलं. तेव्हापासून त्यांचा एकच नियम. "कपडे उतरवाचे, कातडी नाई."

ब्रेक ऑइलने रंग सुटतो आणि प्लास्टिक शाबूत राहतं; त्यात दिवसभर भिजवायचं, हातमोजे घालून बाहेर काढायचं, खिडक्यांच्या कडांतला रंग टूथब्रशने सोडवायचा आणि साबणाने धुवायचं. टूथब्रश मऊ हवा, म्हणजे वापरलेलाच हवा. शेजारच्या खानसाहेबांच्या मुलीच्या लग्नात भाऊंनी वधूपित्याला गंभीर चेहऱ्याने बाजूला घेतलं. पाहुणे जेवता जेवता थांबले. घरात दात घासायचे जुने ब्रश किती निघतील, एवढंच भाऊंना विचारायचं होतं. खानसाहेब इतके हादरले की दुसऱ्या दिवशी त्यांनी सात ब्रश धुऊन पाठवले.

दर रविवारी मला रंग बघायला बोलावणं येतं. मी जन्मभर वृत्तपत्रात होतो, दिसतं तेवढंच सांगतो, असा भाऊंचा माझ्यावर विश्वास आहे. वैशालीचाही आहे. भाऊंनी तिला शब्द दिलाय: ही लाल बस मनासारखी झाली की घराला कुलूप लावतो आणि कायमचा तुझ्याकडे येतो. दीड वर्ष झालं, बस अजून लाल होतेच आहे. कधी रंग जाड बसतो, कधी काळपट दिसतो, कधी भाऊंच्या मते टमाट्यासारखा होतो. वैशाली मला फोन करून खात्री करून घेते. मी असेल ते सांगतो.

मागच्या रविवारी लाल उत्तम होता. कुठे ओघळ नाही, कुठे ब्रशचा केस नाही. मी तसं सांगितलं. भाऊंनी बस खिडकीच्या उजेडात दोनदा फिरवली आणि उद्या पोरीला कळवतो म्हणाले.

सोमवारी सकाळी विसरलेला चष्मा घ्यायला गेलो. दार उघडंच होतं. भाऊ ओट्यापाशी पाठमोरे उभे होते, हातात मोजे. बरणीचं झाकण काढलेलं. आत डोकावलो. बस तेलात होती आणि तिच्या अंगावरचा तो उत्तम लाल सुरकुत्या पडून सुटत होता.

मी आयुष्यभर अपघातांच्या बातम्या केल्या. असा हादरलो नव्हतो.

"भाऊ, काहून?"

ते वळले नाहीत.

"पोरगी न जावई दोघंई सकाळीच नोकरीवर जातेत. घर तिसऱ्या मजल्यावर," ते बरणीत बघत म्हणाले. "दिवसभर मी रंग कोणाले दाखवू? अठी तुमी येता."

तेवढ्यात ओट्यावरचा मोबाइल वाजला. वैशाली. भाऊंचे मोजे तेलाने भरलेले. त्यांनी मानेने मलाच घ्यायला सांगितलं.

"काका, तुमीच हाय का? बरं झालं. बाबा गोल गोल बोलतेत, तुमी खरं सांगा. झाली का बस?"

भाऊ माझ्याकडे बघत नव्हते. बस तेलातून काढून ब्रशने खिडकीची एकच कड पुन्हा पुन्हा घासत होते.

"लाल जरा काळपट आहे," मी म्हणालो.

भाऊंनी बस पुन्हा तेलात सोडली आणि बरणीला झाकण लावलं. मोजे काढले, हात दोनदा साबणाने धुतले आणि दोन कप चहाचं आधण ठेवलं.