घशात अडलेली बातमी

बोंगकोन म्हातारा पहाटे झोपेतच गेला. लेमोरीने वडिलांचे डोळे मिटले आणि टेकडीवर चढून रेडिओ केंद्राला फोन लावला. दफन संध्याकाळीच करायचं होतं आणि नातलग तीन बेटांवर विखुरलेले.

"निरोप आमच्याच भाषेत वाचा हं," ती हुंदके आवरत म्हणाली. "'मा-ए' म्हणताना मधे घशात आवाज अडवायचा. अडवला तर 'वारला'. नाही अडवला तर 'लग्न करतोय' असं होतं."

"काळजी नको, ताई. अडवतो की," निवेदक म्हणाला. तो राजधानीचा. दुपारी त्याने अगदी दुखवट्याच्या सुरात निरोप वाचला, फक्त आवाज कुठेच अडवला नाही. लेमोरी तेव्हा वडिलांना अंघोळ घालत होती.

तीनच्या सुमाराला होड्या आल्या त्या ढोल बडवतच. बायकांच्या केसांत जास्वंदी, आहेराच्या डुकरांच्या गळ्यात माळा. तावोआमामा तर किनाऱ्यावर नाचतच उतरला.

"कुठाय आमचा नवरदेव?"

"मामा, बाबा गेले."

"गेला? तिला आणायला?"

लेमोरीला रडूच फुटलं, तेव्हा ढोल थांबले. केसांतली फुलं भराभरा खाली आली. मामा ओशाळून डुकराच्या गळ्यातली माळ सोडत बसला.

शेवटची होडी लेसालेची. सत्तरीची बाई, एकटीच वल्हवत आली होती. विधुर बोंगकोनने तिला तीनदा मागणी घातली होती आणि तिने तिन्ही वेळा धुडकावली होती.

"कोण आहे ती?" ती लांबूनच ओरडली. "अजून दोन महिने दम निघाला नाही त्याला? कोनफळं निघाली की हो म्हणणार होते मी!"

लेमोरीने हात धरून तिला आत नेलं. लेसालेने वाकून बोंगकोनच्या गार कपाळावर हात ठेवला.

"कधी?"

"पहाटे, मावशी."

लेसालेने डोळे पुसले, बायकांना हातानेच बाजूला केलं आणि जाऊन मृताच्या उशाशी बसली.

मामा खाकरला. "अगं लेसाले, ती जागा बायकोची असते."

"मग? रेडिओवर तिन्ही बेटांनी ऐकलंय."

लेमोरी उठली आणि तिने म्हातारीच्या खाली चटई सरकवली.