दामूअण्णांचं वाकडं छत

दामूअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी तिथल्या ताणलेल्या वस्तूला टिचकी मारतात. कपड्यांची दोरी, खाटेची नवार, काहीही. मग मान हलवून निकाल देतात, "ढिलं हाय. ताण पायजे, ताण!" एकदा भर लग्नात त्यांनी अंतरपाटाला टिचकी मारली. मंगलाष्टकं थांबली, भटजी तापले. अण्णा शांतपणे म्हणाले, "धरायचा तर नीट धरा की!"

सेलूत आमची भिंतीला भिंत. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या बायको, शांताकाकू, अंगणात चक्कर येऊन पडल्या. डॉक्टर म्हणाले, पुन्हा ऊन लागलं तर अवघड आहे. पण काकूंचा जीव अंगणात. आत बसवलं की त्यांना घास गिळेना. म्हणून अण्णांनी जाड, पाणी न झिरपणारं कापड आणून चार लोखंडी खांबांना असं ताणलं की टिचकीसरशी हलगीसारखं वाजे. दोन टोकं उंच, दोन बुटकी. "पाणी साचत न्हाई, वारं बी निसटतंय," अण्णा सांगायचे.

गल्लीला मात्र ते वाकडं छत बघवेना. परवा अण्णा काकूंचं औषध आणायला परभणीला गेले, तेव्हा समोरच्या नामदेवरावांनी शेजारधर्म म्हणून चारही टोकं एका पातळीत आणून दिली. "आता कसं मंडपासारखं दिसायलंय!" म्हणाले. खाली काकू खाटेवर झोपलेल्या.

संध्याकाळी अवकाळी कोसळला. सपाट छताच्या पोटात घागरी ओताव्यात तसं पाणी भरलं. मी ओरडत धावलो, तोवर एक खांब खाटेकडे कलला होता आणि नामदेवराव त्याला मिठी मारून उभे होते. तेवढ्यात अण्णा आले. औषधाची पिशवी चिखलात टाकून ते ओरडले, "सोडा! ढिलं सोडा!" आयुष्यात पहिल्यांदाच. आणि त्याच खांबाला बांधलेला छताचा दोर त्यांनीच सोडला.

सगळं पाणी नामदेवरावांच्या डोक्यावर. खाट कोरडी. काकू उठून म्हणाल्या, "पाऊस आला का हो?" आम्ही पोट धरधरून हसलो. मला तर हसता हसता रडूच आलं.

अण्णा हसले नाहीत. खाटेच्या कडेला टेकले. टिचकीचं ते बोट त्यांनी काकूंच्या कपाळावर हलकेच ठेवलं, ताप बघावा तसं.

"गार हाय," ते म्हणाले, आणि बराच वेळ बोट उचललं नाही.