नेने डॉक्टरांचे चाळीस सेकंद

आइस हॉकीच्या सामन्यात मारामारी सुरू झाली, की नेने डॉक्टर चष्मा काढतात आणि मफलरच्या टोकाने पुसायला लागतात. मारामारी संपेपर्यंत पुसतात. बर्फाच्या गारठ्याने काचा धुरकटत असतील, असं मला पहिलं वर्षभर वाटत होतं. मग लक्षात आलं, की त्यांच्या काचा फक्त मारामारीच्या वेळीच धुरकटतात. चष्म्याचा नंबर उणे सहा. तो काढल्यावर त्यांना खेळाडू आणि जाहिरातीचा फलक यांतला फरक कळत नाही.

यात विशेष काही नाही, माणूस भित्रा असेल, असं कुणी म्हणेल. विशेष हे, की स्टेडियमच्या ज्या ब्लॉकमध्ये आम्ही बसतो तिथल्या साऱ्या प्रेक्षकांत मारामारीचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते नेने डॉक्टरच होते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात दोन खेळाडूंचं बिनसलं, की ते हातातले जाड ग्लोव्ह्ज बर्फावर टाकतात आणि एकमेकांना ठोसे मारतात. पंच बाजूला उभे राहून बघतात. एकजण खाली पडला की सोडवतात आणि दोघांना पाच-पाच मिनिटं बाहेर बसवतात. मी लेस्टरमध्ये बसची वेळापत्रकं तयार करणारा माणूस आहे. जिथे ठोशाला पाच मिनिटं असा दर ठरलेला आहे असा खेळ मी जन्मात बघितला नसता. पण नेने डॉक्टर आमच्या समोरच राहतात. इथल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले. शेजारच्या शहरातला रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, घरापासून सव्वीस मैलांवर आणि त्यांना संध्याकाळी गाडी चालवायला नको वाटायचं. "देवधर, तुम्ही गाडी काढा, तिकीट माझं," असं म्हणून त्यांनी मला २००४ साली पहिल्यांदा नेलं. ते स्वतः त्याआधी पाच वर्षं जात होते.

सामन्यात पंधरा-पंधरा मिनिटांची दोन मध्यंतरं असतात. त्या अर्ध्या तासात चहाच्या टपरीशी रोजचा वाद चालायचा. समोर बॅरी. हा लांब पल्ल्याच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर, सव्वासहा फूट, दोन्ही दंडांवर संघाचं चिन्ह गोंदलेलं. याला बघून वाटावं, हा मारामारीसाठीच तिकीट काढत असेल. तर हा मारामारीच्या विरुद्ध. आणि पाच फूट तीन इंचांचे, शाकाहारी, कानटोपी घातलेले नेने बाजूने.

"डॉक, ही पोरं पन्नाशीत स्वतःच्या मुलांची नावं विसरणार आहेत," बॅरी म्हणायचा. "तू डॉक्टर ना? तुला लाज नाही वाटत?"

"बॅरी, कुकरची शिट्टी काढून टाकलीस तर कुकर छताला जाऊन बसेल," डॉक्टरांचं ठरलेलं उत्तर. "ठोसा बंद केलास तर काठ्या चालतील. मग काय करशील?"

बॅरीच्या घरी कुकर नव्हता. पण ऐकून ऐकून त्याला तो कसा चालतो ते पाठ झालं होतं.

डॉक्टरांची दुसरी सवय मोजण्याची. खेळाडू पडला, की ते मराठीत मोजायला लागत. एक, दोन, तीन. तो उठून बसला की थांबत आणि आकडा खिशातल्या डायरीत लिहीत. मी एकदा विचारलं, की हे कशासाठी?

"एकतीस वर्षं मी एकच प्रश्न विचारला, देवधर. डोक्याला लागलेला माणूस आला, की बरोबरच्यांना विचारायचं, किती वेळ बेशुद्ध होता? आजवर एकानेही धड सांगितलं नाही. 'थोडा वेळ.' 'बराच वेळ.' अहो, सेकंद सांगा."

मला आकड्यांबद्दल आदर आहे. म्हणून मी माझ्या घड्याळातला स्टॉपवॉच लावून त्यांचं मोजणं तपासायला लागलो. ते घाबरले की भराभर मोजतात. दर वीस सेकंदांना साधारण एक सेकंद जास्त.

सुमतीकाकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हे सगळं मान्य नव्हतं. "इतकी भीती वाटते तर जाता कशाला?" त्या दर शनिवारी दारात उभ्या राहून विचारायच्या. "घरी येऊन रात्रभर कूस बदलत बसता."

"कुणीतरी मोजायला हवं," डॉक्टर बुटाची नाडी बांधत म्हणायचे.

आता आमच्या संघातल्या सत्तावीस नंबरच्या खेळाडूबद्दल. याचं नाव डॅरिल. कॅनडातून आलेला, एकतीस वर्षांचा, तीनदा मोडलेल्या नाकाचा. तीन हंगामांत त्याने चार गोल केले. गोल करण्यासाठी त्याला ठेवलेलंच नव्हतं. आपल्या चांगल्या खेळाडूला कुणी धक्का दिला, की ग्लोव्ह्ज टाकायचे, ही त्याची नोकरी. इकडे अशी पद्धत आहे, की प्रेक्षकाने हंगामाच्या सुरुवातीला एखाद्या खेळाडूच्या शर्टाचे पैसे भरायचे. शेवटच्या सामन्यानंतर बर्फावर गालिचा अंथरतात, खेळाडू अंगातला शर्ट काढतो आणि आपल्या माणसाला देतो. गोल करणाऱ्यांच्या शर्टासाठी रांग लागते. डॅरिलचा शर्ट दरवर्षी नेने डॉक्टर घ्यायचे.

पहिल्या वर्षीचा शर्ट त्यांनी काय केला, यावर आमच्या ब्लॉकमध्ये अजून बोलतात. रक्ताचे डाग, काठीचे काळे ओरखडे, फाटलेली बाही, हे सगळं शर्टाचं वैभव मानतात. लोक तसाच काचेत बसवून भिंतीवर लावतात. डॉक्टरांनी तो गार पाण्यात मीठ घालून रात्रभर भिजवला, धुतला, बाही रफू केली, इस्त्री केली आणि पुढच्या हंगामात घडी करून दाखवायला आणला. बॅरीने तो नाकाशी नेला. साबणाचा वास आला.

"डॉक, तू तो धुतलास?"

"मग काय, दुसऱ्याच्या रक्ताचं कापड घरात टांगू?"

"मित्रा," बॅरी सावकाश म्हणाला, "तू एका माणसाचं अख्खं वर्ष धुऊन टाकलंस."

हे असं हसतखेळत चाललं होतं. २००७ च्या फेब्रुवारीत एका शनिवारी डॅरिल कोपऱ्यात खेळातली रबरी चकती काढायला गेला, पाठ आमच्याकडे. मागून एकजण पूर्ण वेगाने आला आणि त्याने डॅरिलला रिंकभोवतीच्या काच लावलेल्या फळीवर आदळलं. काचेचा आवाज आमच्या रांगेपर्यंत आला. डॅरिल खाली गेला आणि त्याचा एक हात वर उचललेला राहिला, ताठ, जणू कुणाला थांब म्हणतोय.

पाच हजार माणसं एकदम गप्प झाली. माझ्या शेजारून फक्त मराठी आकडे ऐकू येत होते. माझा अंगठा सवयीने घड्याळावर गेला. वीस झाले. पंचवीस. डॉक्टरांचा आवाज बारीक होत गेला, पण थांबला नाही. मी आयुष्यात सेकंदांना इतका घाबरलो नव्हतो. मग तो हात खाली आला आणि डॅरिलने मान हलवली. "चाळीस," डॉक्टर म्हणाले. पॅरामेडिक बर्फावरून घसरत तिथे पोचला तेव्हा डॅरिलचे डोळे उघडे होते.

त्याला मानेला पट्टा बांधून नेलं. मान ठीक निघाली. त्याने सगळ्यांना सांगितलं, की मी जागाच होतो, फक्त श्वास अडकला होता. कपाळाला टाके घालून त्याला घरी सोडलं.

बुधवारी रिंकच्या बारमध्ये संघ आणि प्रेक्षकांची सभा होती, दर महिन्याला असते तशी. डॉक्टरांनी दिवसभरात तीनदा फोन करून मला तिची आठवण करून दिली. डॅरिल पुढेच बसला होता, एक डोळा काळानिळा. कुणीतरी विचारलं, की येत्या शनिवारी तो खेळणार का? संघाचा कोच म्हणाला, "तो म्हणतो ठीक आहे. मग खेळणार."

डॉक्टर उठले. "तो चाळीस सेकंद बेशुद्ध होता. त्याला खेळवू नका. इतक्यात पुन्हा डोक्याला लागलं, तर तो उठणार नाही आणि माझं मोजणं थांबणार नाही."

डॅरिल वळला. तो चिडलेला नव्हता, हेच वाईट होतं. "डॉक, तुम्ही चांगले आहात. पण मी ग्लोव्ह्ज टाकले की तुम्ही चष्मा काढता. मला बर्फावरून दिसतं. तीन वर्षं दिसतंय. तुम्हाला काय दिसलं असणार?"

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे शिट्टी-शिट्टी करणाऱ्या डॉकने एकही मारामारी बघितलेली नाही?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, हातात धरला, पुन्हा लावला. "नाही बघितली," ते म्हणाले. "मला भीती वाटते. ग्लोव्ह्ज खाली पडतात, तेवढ्यात चष्मा काढता येतो. शनिवारी ग्लोव्ह्ज पडलेच नाहीत. सगळं दिसलं."

हसू थांबलं.

"मी एकदा एका माणसाला त्याच्या मित्रांच्या शब्दावर घरी पाठवलं होतं. तेही म्हणाले होते, जागाच होता." डॉक्टर खाली बसले.

आता मी सभांमध्ये बोलणारा माणूस नाही. पण एक आकडा चुकीचा नोंदला जात होता. मी उभा राहिलो. "चाळीस नाही, अडतीस. माझ्याकडे घड्याळ होतं. आणि शनिवारी यांच्या डोळ्यांवर चष्मा होता, मी शेजारी होतो."

कोचने डॅरिलकडे बघितलं. मग म्हणाला, "शनिवारी नाही." नंतर तज्ज्ञांनी उरलेल्या हंगामासाठीही नाहीच म्हटलं.

बाहेर पडताना बॅरीने डॉक्टरांच्या हातात चहाचा कप दिला. "आठ वर्षं तू माझ्याशी भांडलास, डॉक. तुला मारामारीवर बंदी नको होती की हवी होती?"

"बंदी आली असती तर डॅरिलसारख्याला कामावर कुणी ठेवलं असतं?" डॉक्टर म्हणाले. "चार गोल आहेत त्याचे."

डॅरिल त्यानंतर त्यांच्याशी बोलला नाही. एप्रिलमध्ये गालिचा अंथरला तेव्हा बाकीच्यांनी अंगातले शर्ट काढून दिले. तो कोट घालून आला, डॉक्टरांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी दिली, हात मिळवला आणि गेला. पिशवीत शर्ट होता. हॉस्पिटलमध्ये तो गळ्यापासून खालपर्यंत कात्रीने कापलेला. मे महिन्यात तो कॅनडाला परत गेल्याचं बॅरीकडून कळलं.

दिवाळीच्या फराळाला गेलो होतो तेव्हा काकूंनी मला कपाट उघडून दाखवलं. तीन शर्ट हँगरवर, इस्त्री केलेले, जणू कुणी सुट्टीत घरी येणार आहे. तिसऱ्यावर पुढून उभी शिवण होती, काळ्या दोऱ्याची.

"मी मशीनवर दहा मिनिटांत घातली असती," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "ऐकलं नाही. तीन संध्याकाळी टेबलाशी बसले होते चष्मा लावून. प्रत्येक टाका वेगळा, प्रत्येकाला वेगळी गाठ. म्हणे, असं घातलं की एक सुटला तरी बाकीचे धरून ठेवतात."

मी बोटाने मोजत खालपर्यंत गेलो. मागे डॉक्टर चकलीची ताटली घेऊन उभे होते.

"किती?"

"चौऱ्याहत्तर."

"पंचाहत्तर," ते म्हणाले. "कॉलर उलटून बघा."

मी कॉलर उलटली. होता.